दर्याचा सरखेल कान्होजी आंग्रे

वऱ्हाडाला समुद्र नाही. बार्शीटाकळीच्या काळ्या रानातून पश्चिमेकडे निघालेला माणूस अजिंठ्याचे डोंगर, खानदेश आणि सह्याद्री ओलांडीत शेकडो मैल चालेल, तेव्हा कोठे त्याला खारा वारा लागेल. साहजिकच येथील माणसाच्या मनातील मराठ्यांचा इतिहास हा घोड्यांच्या टापांचा, गडकोटांचा आणि चौथाईच्या स्वाऱ्यांचा इतिहास असतो. त्यात आरमाराला फारशी जागा नसते. असली तरी शिवाजी महाराजांनी आरमार उभारले, या शालेय पुस्तकातील एका वाक्यापुरतीच. परंतु वऱ्हाडचे भवितव्य ज्या लढाईने ठरले, ती २९ नोव्हेंबर १८०३ ची अडगावची लढाई जिंकणारे सैन्य कोणत्या सत्तेचे होते? सात समुद्रांपलीकडून जहाजांत बसून आलेल्या एका व्यापारी कंपनीचे. ही कंपनी एकेकाळी मुंबईच्या बेटावर तट बांधून दबून बसली होती, आणि तिला तेथे दबून बसायला लावणारा पुरुष मराठी होता. त्याचे नाव सरखेल कान्होजी आंग्रे.

कान्होजींचा जन्म १६६९ सालचा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते आणि त्यांचे आयुष्य हर्णैच्या किनाऱ्यासमोरील सुवर्णदुर्ग या जलदुर्गाच्या परिसरात गेले. कान्होजींचे बालपणही तेथेच, लाटांच्या आवाजात गेले. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी अशा दर्यावर्दी जातीजमातींची मुले त्यांचे सवंगडी असणार. भरती-ओहोटीची वेळ, वाऱ्याची दिशा, पाण्याखालचे खडक ही विद्या कोणत्याही ग्रंथातून येत नाही. पुढे ज्या विद्येच्या बळावर त्यांनी युरोपीय कप्तानांना जेरीस आणले, ती अशी अंगणात मिळालेली होती.

त्यांनी जे आरमार पुढे वाढविले, त्याचा पाया अर्थातच शिवाजी महाराजांनी घातला होता. १६५७ नंतर कल्याण-भिवंडी हाती आल्यावर महाराजांनी खाडीत जहाजे बांधावयास घेतली. १६६४ साली मालवणजवळ सिंधुदुर्गाचे काम सुरू केले. १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तट उभारून इंग्रज आणि सिद्दी या दोघांनाही आव्हान दिले. कारण स्पष्ट होते. जमिनीवरच्या राजाला किनाऱ्यावर कोणी विचारीत नव्हते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून अरबी समुद्रावर स्वामित्व सांगितले होते. त्यांचा कार्ताझ म्हणजे परवाना घेतल्याशिवाय व्यापारी जहाजाने बंदर सोडावयाचे नाही, सोडले तर ते लुटले जाईल, असा त्यांचा कायदा होता. जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांचा आरमारी सरदार म्हणून किनारा जाळीत होता. मुंबईला इंग्रज होते. स्वतःच्या मुलखासमोरच्या पाण्यात परक्याची परवानगी मागावी लागते, तेथे राज्य अपुरे असते, हे महाराजांनी ओळखले होते. मात्र त्यांना या कामासाठी आयुष्य पुरले नाही, आणि पुढची वीस वर्षे तर स्वराज्याच्या जिवावर बेतलेली होती.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला. राजाराम महाराज जिंजीला गेले. कोकणात एकामागून एक ठाणी मोगलांच्या आणि सिद्दीच्या हाती जाऊ लागली. या धामधुमीतच कान्होजींचे नाव प्रथम पुढे येते. परंपरा अशी सांगते, की सुवर्णदुर्गाला सिद्दीचा वेढा पडला असता किल्लेदार फितूर होऊन किल्ला शत्रूच्या हवाली करण्याच्या बेतात होता. तरुण कान्होजींना याचा सुगावा लागला. त्यांनी किल्लेदाराला कैद करून किल्ल्याची सूत्रे हाती घेतली. एकदा बाहेर पडून छापा घालताना ते शत्रूच्या हाती सापडले, तेथून निसटले, पोहत परत किल्ल्यात आले आणि पावसाळा येईपर्यंत किल्ला लढविला. या हकिकतीच्या तपशिलात आणि सालाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु एवढे निश्चित, की त्या पडत्या काळात किनाऱ्यावर टिकून राहिलेल्या मोजक्या माणसांत हा तरुण होता. १६९८ मध्ये आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर यांचे निधन झाले आणि सरखेली कान्होजींकडे आली. सरखेल म्हणजे आरमाराचा सेनापती. अलिबागसमोरील कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे झाले.

या आरमाराचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे, कारण कान्होजींच्या यशाचे रहस्य त्यात आहे. इंग्रज किंवा डच यांची महासागर ओलांडणारी जहाजे उंच, अवजड आणि दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा असलेली असत. तशी जहाजे बांधणे कान्होजींना परवडणारे नव्हते, आणि त्यांना ती नकोच होती. त्यांचे मुख्य जहाज म्हणजे गुराब. दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, साधारण दीडशे ते तीनशे टनांचे, रुंद परंतु उथळ बुडाचे, आणि पुढे चोचीसारखी निमुळती नाळ असलेले. या नाळेवर दोन मोठ्या तोफा समोर तोंड करून बसविलेल्या असत. गुराबेच्या जोडीला गलबते असत. ती लहान, शिडांबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारी आणि हलक्या तोफा वाहणारी. वारा पडला की इंग्रजांचे जहाज पाण्यावर खिळल्यासारखे उभे राही. अशा वेळी वल्ह्यांवरची गलबते गुराबांना दोरांनी ओढीत आणीत. त्या नेमक्या शत्रूच्या पाठीमागच्या बाजूस येत, जिकडे त्याच्या तोफा सर्वांत कमी असत. मग शिडे आणि डोलकाठ्या यांवर मारा होई. जहाज लंगडे झाले, की चारी बाजूंनी गलबते भिडत आणि तलवार घेतलेली माणसे कठड्यावरून आत उतरत. पारडे फिरलेच, तर ही जहाजे उथळ खाडीत शिरत, जेथे मोठ्या जहाजाने पाठलाग केला असता तर ते वाळूत रुतले असते. जून ते ऑगस्ट या काळात समुद्र खवळलेला असल्याने जहाजे किनाऱ्यावर ओढून ठेवीत, त्यांची डागडुजी करीत आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा बाहेर काढीत.

रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा, असे त्यात सांगितले आहे. जहाजांना लागणारे लाकूड रयतेची आंब्या-फणसाची झाडे जबरीने तोडून आणू नये, याचीही ताकीद आहे. आरमार म्हणजे केवळ जहाजे नव्हेत. त्यामागे जंगल, सुतार, लोहार, दोर वळणारे, शिडे शिवणारे, दारूगोळा आणि या सर्वांना वेळेवर पैसा पुरविणारी व्यवस्था असते. कान्होजींनी ही व्यवस्था उभी केली. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही तिची मुख्य केंद्रे. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत गिर्ये येथे खडकात कोरलेली जुनी गोदी अद्याप दिसते आणि ती आंग्र्यांची गोदी म्हणून ओळखली जाते. तोफखान्यावर आणि जहाजांवर त्यांनी डच आणि अन्य युरोपीय माणसेही चाकरीस ठेवली. शत्रूची विद्या आपली करून घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पकडलेली जहाजे आणि त्यांवरील तोफा आरमारात सामील होत गेल्या.

आता राजकारणाकडे वळू. औरंगजेब १७०७ मध्ये मरण पावला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठी राज्यात दोन गाद्या झाल्या. याच वेळी आपल्या वऱ्हाडाचा संबंध येतो. शाहूंना सर्वप्रथम येऊन मिळालेल्या सरदारांत परसोजी भोसले होते. त्यांना सेनासाहेब सुभा हा किताब आणि वऱ्हाडचा अधिकार मिळाला. परसोजींनंतर तो त्यांचे पुत्र कान्होजी भोसले यांच्याकडे आला. म्हणजे काही वर्षे मराठी राज्याच्या पूर्व टोकाला एक कान्होजी होते आणि पश्चिम टोकाला दुसरे. वऱ्हाडचे कान्होजी शाहूंच्या बाजूचे, तर कोकणचे कान्होजी ताराबाईंच्या पक्षाचे. शाहूंनी पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना आंग्र्यांवर पाठविले, तेव्हा कान्होजींनी पेशव्यालाच कैद केले, लोहगड आणि राजमाची घेतले आणि साताऱ्यावर चालून जाण्याचा धाक घातला. ही १७१३ सालची गोष्ट.

शाहूंनी तेव्हा पेशवेपद बाळाजी विश्वनाथ यांना दिले. बाळाजी मूळचे श्रीवर्धनचे. सिद्दीच्या जाचाला कंटाळून घाटावर आलेले. आंग्र्यांशी त्यांचा पूर्वीचा स्नेह होता. त्यांनी सैन्य बरोबर घेतले, पण लढाई केली नाही. लोणावळ्यानजीक बोलणी झाली आणि १७१४ मध्ये तह ठरला. कान्होजींनी शाहूंचे स्वामित्व मान्य केले आणि बहिरोपंतांना सोडले. शाहूंनी त्यांची सरखेली कायम करून दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे दिली. बाळाजींच्या मुत्सद्देगिरीचे हे पहिले मोठे यश म्हणून या तहाचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. तथापि त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या तहाने मराठ्यांचे आरमार राज्याचे राहिले नाही, एका घराण्याचे झाले. वऱ्हाड भोसल्यांचा, तसा समुद्र आंग्र्यांचा. सरदार कर्तबगार असेल तोवर ही वाटणी सोयीची. त्याच्यानंतर काय, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही.

इंग्रजांशी मात्र कान्होजींचे वैर त्याआधीच पेटले होते. नोव्हेंबर १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईचा गव्हर्नर एस्लाबी याचे सशस्त्र जहाज पकडले. त्यातून कारवारच्या वखारीचा नवा मुख्य अधिकारी आपल्या तरुण पत्नीसह कामावर रुजू होण्यास चालला होता. तोफेच्या गोळ्याने तो मारला गेला आणि ती स्त्री कैद झाली. १७१३ च्या प्रारंभी तीस हजार रुपये खंडणी घेऊन तिला सन्मानाने परत पाठविण्यात आले. पाठोपाठ तहही झाला. कंपनीच्या जहाजांना त्रास देणार नाही, असे कान्होजींनी मान्य केले. पण या तहातच पुढच्या भांडणाचे बीज होते. कान्होजींच्या मते सवलत होती ती कंपनीच्या स्वतःच्या जहाजांना आणि मालाला. मुंबई-सुरतेचे एतद्देशीय व्यापारी इंग्रजांचा परवाना घेत, इंग्रजी निशाण लावीत आणि कान्होजींचे दस्तक घेण्याचे टाळीत. त्यांना सूट का द्यावी? उलट कंपनीचे म्हणणे असे, की आमचे निशाण ज्यावर असेल ते जहाज आमचेच. वरवर हा जकातीचा वाद. वस्तुतः या पाण्यावर परवाना देण्याचा हक्क कोणाचा, हा सार्वभौमत्वाचा वाद होता. पोर्तुगीजांनी कार्ताझ दिला तर तो कायदा आणि कान्होजींनी दस्तक दिले तर ती चाचेगिरी, असा इंग्रजी कागदपत्रांचा न्याय आहे. इंग्रजी ग्रंथकारांनी कान्होजींना दोनशे वर्षे चाचा म्हटले. दुर्दैव असे, की आपल्याकडील काही पुस्तकांनीही ते जसेच्या तसे उतरवून घेतले.

डिसेंबर १७१५ मध्ये चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याने मुंबईच्या तटबंदीचे काम पुरे करून घेतले, लढाऊ जहाजे बांधली आणि आंग्र्यांचा नायनाट हे आपले जीवितकार्य मानले. १७१७ मध्ये त्याचे आरमार विजयदुर्गावर गेले आणि मार खाऊन परतले. नोव्हेंबर १७१८ मध्ये तो खांदेरीवर गेला. तेथेही पराभवच पदरी आला.

खांदेरीच्या या पराभवाची एक करुण उपकथा आहे. मुंबईत रामा कामती नावाचे एक सारस्वत व्यापारी होते. कंपनीच्या दरबारी त्यांचे वजन होते. १७१५ मध्ये वाळकेश्वरच्या देवळाचा जीर्णोद्धार करणारे ते हेच. मोहीम फसल्यावर अपयशाचे खापर कोणाच्या तरी माथी फोडणे आवश्यक होते. रामा कामती यांचा कान्होजींशी गुप्त पत्रव्यवहार आहे असा आरोप आला, काही पत्रे पुरावा म्हणून पुढे करण्यात आली, १७२० मध्ये खटला चालला, त्यांची मालमत्ता जप्त झाली आणि ते कैदेत गेले. १७२८ मध्ये ते कैदेतच मरण पावले. ती पत्रे बनावट होती हे पुढे उघड झाले. पण तोवर फार उशीर झाला होता. आंग्रे हे नाव मुंबईत किती भयाने उच्चारले जात होते, याचा अंदाज एखाद्या लढाईच्या वर्णनापेक्षा या खटल्यावरून अधिक येतो.

१७२० मध्ये बूनने पुन्हा विजयदुर्गावर आरमार पाठविले. या वेळी जाड भिंतींचा, गोळ्याला दाद न देणारा एक तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून सोबत दिला होता. त्याचाही उपयोग झाला नाही. मग इंग्रजांनी विलायतेची मदत आणि पोर्तुगीजांची मैत्री मिळविली. मादागास्करच्या चाच्यांवर म्हणून निघालेले इंग्लंडच्या राजाचे आरमार कमोडोर मॅथ्यूज याच्या हाताखाली १७२१ मध्ये मुंबईत आले. गोव्याचा विजरई जातीने सैन्य घेऊन आला. दोघांचे मिळून सुमारे सहा हजार लोक डिसेंबरात कुलाब्यावर उतरले. एवढे मोठे युरोपीय संकट कान्होजींवर पूर्वी कधी आले नव्हते.

परंतु कान्होजी आता एकटे नव्हते. १७१४ च्या तहाचे फळ त्यांना या वेळी मिळाले. साताऱ्याहून मराठी फौज त्यांच्या मदतीस आली. तरुण पेशवे बाजीराव आणि पिलाजी जाधव हे तिच्यात होते. इंग्रज तटाला भिडले असता मराठी घोडदळ पोर्तुगीजांच्या बाजूवर तुटून पडले. पोर्तुगीज फळी मोडली, आणि ते पळाल्याचे पाहून इंग्रजांनीही तोफा आणि दारूगोळा टाकून जहाजे गाठली. खुद्द मॅथ्यूजच्या मांडीत एका मराठी स्वाराने भाला खुपसला. संतापलेला कमोडोर घोडा फेकीत त्याच्यामागे धावला आणि त्याने पिस्तुले झाडली, तर ती भरायचीच राहून गेली होती, अशी हकिकत त्या मोहिमेवर असलेल्या एका इंग्रजानेच लिहून ठेवली आहे. पोर्तुगीजांनी लगोलग मराठ्यांशी स्वतंत्र तह केला. जानेवारी १७२२ मध्ये बून हात हलवीत विलायतेला परत गेला. १७२४ च्या सुमारास डचांनी सात मोठी जहाजे घेऊन विजयदुर्गावर नशीब आजमावले. त्यांनाही परत फिरावे लागले.

समुद्रावरचे आरमार आणि जमिनीवरचे घोडदळ ही दोन्ही अंगे एकाच उद्देशाने हलली, तर काय घडू शकते, हे कुलाब्याच्या लढाईने दाखविले. मराठ्यांच्या इतिहासात असे प्रसंग फार थोडे आहेत. माझ्या मते पालखेडइतकेच महत्त्व या लढाईला द्यावयास हवे. मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला दोन ओळीही मिळत नाहीत.

बूननंतर आलेल्या गव्हर्नर फिप्स याच्याशी कान्होजींचा १७२४ मध्ये झालेला पत्रव्यवहार वाचण्याजोगा आहे. फिप्सने लुटारूपणाचा ठपका ठेवला. कान्होजींनी त्याला शांतपणे उत्तर दिले. त्याचा आशय असा, की दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ व्यापाऱ्यांनाही सुटलेला नाही, जगाची रीतच ती आहे. कंपनीचा कारभारही बळजोरीवाचून चालत नाही. शिवाजी महाराजांनी चार पातशाह्यांशी झुंजून राज्य उभे केले, आमचा उगम त्यातला आहे. या पत्रात आदळआपट नाही, गयावया नाही. आपण कोणाचे सेवक आणि कोणत्या अधिकाराने समुद्रावर फिरतो, हे नेमके ठाऊक असलेल्या माणसाचे ते पत्र आहे. चाच्याला असे पत्र लिहिता येत नाही.

कान्होजींनी अलिबागची वस्ती वाढविली. तेथे त्यांचे अलिबागी रुपये चालत. ४ जुलै १७२९ रोजी त्यांचे निधन झाले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. त्यांच्या हयातीत इंग्रज, पोर्तुगीज, डच यांपैकी एकालाही त्यांचा एक जलदुर्ग कायमचा घेता आला नाही. जंजिरा मात्र त्यांनाही घेता आला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

त्यांच्या मागे घडले ते क्लेशकारक आहे. थोरले पुत्र सेखोजी कर्ते होते, पण १७३३ मध्ये वारले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत तंटा लागला. पेशव्यांनी मध्यस्थी करून कुलाबा मानाजींना आणि विजयदुर्ग-सुवर्णदुर्ग संभाजींना अशी वाटणी केली. आरमार दुभंगले. संभाजींनंतर विजयदुर्ग तुळाजींकडे आला. तुळाजी शूर होते, समुद्रावर त्यांचा दरारा वडिलांसारखाच होता, परंतु पेशव्यांचे वर्चस्व त्यांना मान्य नव्हते. त्यांची अरेरावी पेशव्यांच्या रयतेलाही सोसावी लागत होती. नानासाहेब पेशव्यांचा राग समजण्यासारखा आहे. त्यांनी निवडलेला उपाय मात्र समजण्यासारखा नाही. त्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. भडिमारात एका जहाजाने पेट घेतला, आग पसरत गेली आणि एकमेकांना खेटून उभे असलेले तुळाजींचे सारे आरमार बंदरात जळून गेले. किल्ल्यातील सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. तेच वॉटसन आणि तेच क्लाइव्ह तेथून पुढे बंगालकडे वळले, आणि सोळा महिन्यांनी, जून १७५७ मध्ये, प्लासीची लढाई झाली.

पेशव्यांनी पुढे विजयदुर्गावर धुळपांच्या हाताखाली आरमार ठेवले. आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचे रेंजर हे जहाज पकडले, हा पराक्रम लहान नव्हता. पण खुल्या समुद्रावर इंग्रजांना अडविण्याचे बळ पुन्हा कधी आले नाही. महादजी शिंद्यांनी द बॉयन्याकडून कवायती पलटणी आणि उत्तम तोफखाना उभा करविला. मराठ्यांच्या जमिनीवरच्या फौजेचे असे आधुनिकीकरण झाले. समुद्रावर मात्र त्या तोडीचा प्रयत्न झाला नाही. इंग्रजांची माणसे, दारूगोळा आणि पैसा मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या बंदरांतून बिनधोक उतरत राहिला. त्या बळावर वेलस्लीची फौज वऱ्हाडात आली. अडगावनंतर १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड पडला आणि दोन दिवसांनी देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख सोडला. तो निजामाकडे गेला. बार्शीटाकळीचा परिसरही त्यातच आला.

कुलाब्याची आंग्र्यांची गादी १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केली. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये भारतीय नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला आयएनएस आंग्रे असे नाव दिले. पश्चिम नौदल विभागाचा हा तळ फोर्ट भागात आहे. ज्या बॉम्बे कॅसलमधून कंपनीचा कारभार चाले आणि जेथून आंग्र्यांचा नायनाट करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्या जुन्या किल्ल्याचे अवशेष आता याच तळाच्या आवारात आहेत.